मुक्कामास सक्त मनाई

ग्रामपंचायतीच्या सभेत हर्षाली पहिल्यांदा तोंड उघडून बोलली ती काचेपायी. तोवर ती खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसायची, मांडीवरच्या स्वराजला थोपटायची, सही करायची आणि घरी यायची. महिलांची राखीव जागा आली तेव्हा वस्तीवर शिकलेली सून ती एकटी, म्हणून पोटुशी असतानाच तिला उभं केलं होतं. निवडून आली, बाळंतीण झाली, आणि दोन्हींतलं कुठलं काम जास्त अवघड हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं.

मोहतळे हे नाशिकपासून तासाभराच्या आतलं गाव. धरणाचं पाणी गावाच्या कुशीपर्यंत आलेलं आणि काठाला मऊ गवताचा लांबलचक माळ. कुणीतरी तिथला सूर्योदय मोबाइलवर टाकला आणि शनिवार आला की माळावर रंगीबेरंगी तंबू उगवायला लागले. जागा फुकट, पाणी फुकट, चांदणंही फुकट. येणारी सगळीच वाईट नव्हती. कुणी कचऱ्याची पिशवी बांधून परत न्यायचं, कुणी हाक मारून कोथिंबीर विकत घ्यायचं. पण रविवारी संध्याकाळी माळावर चुली, थर्माकोलच्या ताटल्या आणि फुटक्या बाटल्या उरायच्याच. नुकताच चालायला शिकलेला स्वराज उन्हाळ्यात एकदा त्या गवतातून दुडुदुडु पळाला आणि तळपायात काच घेऊन बसला. त्याचं ते रडणं हर्षालीच्या कानातून गेलंच नाही.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ती उभी राहिली. काठावर तंबूंना बंदी, एवढंच तिला म्हणायचं होतं. मग एक जण म्हणाला, काठावर बंदी केली तर शेतात ठोकतील, गावची हद्द म्हणा. दुसरा म्हणाला, तंबू म्हटलं तर ताडपत्री बांधतील, कसलाही निवारा म्हणा. ग्रामसेवक म्हणाले, एकाला मोकळीक आणि एकाला मनाई असं टिकत नाही मॅडम, सरळ 'कुणीही' लिहा. हर्षालीला सगळं पटत गेलं. गावच्या हद्दीत कुणीही, कसलाही निवारा उभारून, रात्रीचा मुक्काम करू नये. टाळ्या पडल्या. सरपंच खंडेराव आप्पा म्हणाले, "बोलायला लागली बरं का आपली सून!" पंचायतीचा शिपाई बहिरू यानं पत्र्यावर लाल रंगात पाटी रंगवली, मुक्कामास सक्त मनाई, आणि माळाच्या तोंडाशी रोवली.

हे झालं श्रावणात. श्रावणात कुणाला मेंढरं आठवतात?

दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली आणि एका रविवारी सकाळी बहिरू दारात येऊन उभा राहिला. हर्षाली स्वराजला भरवत होती. नवरा योगेश अंबडच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला, सासू कलाबाई शेतात.

"वहिनी, घोटाळा झालाय."

"काय फोडलंस?"

"म्या नाय फोडलं काय. मेंढरंवाले आलेत. मनमाडकडचे. दरसाल दिवाळी झाली की कोकणात उतरतात ना, तेच. पहाटंच माळावर बिऱ्हाड टाकलंय." त्यानं डोकं खाजवलं. "आन पाटीपाशी नाशिकची पोरं उभी हायेत. काल सांजंला म्या त्यांना हाकललं. आज बघायला आली तर मेंढरं! आता म्हणतात, आम्हाला एक न्याय आन ह्यांना एक का? मोबाइल काढून उभी हायेत."

तेवढ्यात आप्पांचा फोन आला. "हर्षाली, ऐकलंस ना? ठराव तुझा. तूच जाऊन सांग त्यांना, आज दुपारपर्यंत पुढं सरका म्हणावं. बाईमाणसानं सांगितलेलं गोड लागतं."

"आप्पा, पण ते दरवर्षी..."

"'कुणीही' लिहिलंय त्यात. मी नाही लिहिलं." आणि फोन बंद.

ती स्वराजला कडेवर घेऊन निघाली. मेंढपाळ तिनं कधी जवळून पाहिले नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत माहेरपण, दुसऱ्या दिवाळीत स्वराज पाच महिन्यांचा. दोन्ही वेळा ती पंचवटीत आईकडे होती आणि मेंढरं येऊन गेली होती.

पाटीपाशी चार पोरं आणि दोन पोरी उभ्या होत्या. पुढं होता तो उंच, कानटोपी घातलेला. धम्मपाल म्हणून त्यानं ओळख सांगितली. मोबाइल त्यानं खिशात घातला, ते तिला बरं वाटलं.

"ताई, भांडायला नाही आलो. तुम्ही नियम म्हणालात, आम्ही ऐकलं. कचरा आम्ही सोबत नेतो, हे ह्या काकांनाही माहितीये." बहिरूनं मान डोलावली आणि मग आपण कुणाच्या बाजूचे ते आठवून मान थांबवली. "मग ह्यांना कसं चालतं?"

"ते दरवर्षी येतात."

"आम्ही दर महिन्याला येऊ की!" मागच्या पोरी हसल्या.

"तसं नाही. त्यांना गावातली माणसं ओळखतात."

"आणि आम्हाला कोण ओळखणार, ताई? थांबूच दिलं नाही तर ओळख व्हायची कशी?"

हर्षालीनं स्वराजला दुसऱ्या कडेवर घेतलं. "येते मी," एवढं म्हणून ती माळाकडे वळली. पाठीवर सगळ्यांची नजर होती.

मेंढरं वाघरीत, म्हणजे त्या जाळीच्या कुंपणात, अजून बसलेली होती. एक घोडं, दोन कुत्री, डालग्यात कोंबड्या. पुरुष पाण्यावर गेलेले. तीन काठ्यांवर घोंगडं टाकून केलेल्या पालाशेजारी एक म्हातारी चूल फुंकत होती. अंगानं काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"ये बाई, बस. पोरगं गोड हाय तुझं. कुणाची तू?"

"कलाबाईंची सून."

"झेंडूवाल्या कलाबाईची?" म्हातारीनं फुंकणी खाली ठेवली आणि तोंडभर हसली. "आगं, मागल्या साली तिनंच तर बोलावलं, वावरात मेंढरं बसव म्हणून. चार राती बसवली, लेंडीखताच्या बदली बाजरी ठरली. आन बाजरीच्या मापावरून अशी भांडली माझ्याशी, अशी भांडली, की निघताना दोघी गळ्यात पडून रडलो. गोजराबाई म्हण तिला, वळखंल."

हर्षालीनं ठरावाचं सांगायला तोंड उघडलं. आणि तेवढ्यात पालातून एक आवाज आला. मांजराच्या पिल्लासारखा, बारीक, चिडका. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि पाठोपाठ छातीत कळ येऊन ब्लाउज ओला झाला. स्वराज दीड वर्षाचा होत आला होता, पण अंगाला ते कुठं ठाऊक? नवं रडणं ऐकलं की अंग आपलं उठून उभं राहतं.

"माझी सून, मैना," गोजराबाई म्हणाली. "वाटंतच कळा लागल्या. अँबुलन्स आली, सरकारी दवाखान्यात सुटली. पोरगी झाली, लक्ष्मी! पर रगत लय गेलं. काल सोडलं दवाखान्यातनं. डाक्टरीण म्हणली, निजवून ठेव. म्हणलं, ठेवते की."

हर्षाली वाकून आत गेली. मैना जेमतेम विशीची. ओठ पांढरेफटक, केस घामानं कपाळाला चिकटलेले. ती कोपरावर रेलून पोरीला पाजायला बघत होती आणि पोरगी तोंड फिरवून रडत होती.

"असं नको. पाठीला काहीतरी लाव आणि तिचं पोट तुझ्या पोटाला लागू दे." हर्षालीनं स्वराजला खाली ठेवलं, घोंगड्याची वळकटी मैनाच्या पाठीशी सरकवली आणि पोरीची मान हाताच्या खोबणीत बसवून दिली. लेकरानं दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा धरलं. मैनानं डोळे मिटले. स्वराज तोंडात बोट घालून हे सगळं फार गंभीरपणे बघत होता.

बाहेर येऊन हर्षालीनं सांगून टाकलं. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं.

"आजी, इथं मुक्काम करता येणार नाही तुम्हाला. गावानं मनाई केलीय. आणि तो ठराव... मीच मांडला होता. तंबूवाले काचा टाकतात म्हणून. तुम्ही माझ्या ध्यानातच नव्हता."

गोजराबाईनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. मग म्हणाली, "बरं केलं. काचा आमच्या मेंढरांच्या खुरांत बी जात्यात. कुणी तरी बोलायलाच पायजेल हुतं."

हर्षालीला वाटलं, ह्यापेक्षा हिनं चार शिव्या द्यायला हव्या होत्या.

"मग उठतो," म्हातारी गुडघ्यांवर हात देऊन उभी राहिली. "कसं हाय बाई, आज पाचवी हाय पोरीची. आमच्यात पाचवी पुजल्याबिगर बाळंतिणीनं ओढा वलांडायचा नसतो. आन हितून पुढं सरकायचं म्हणजे ओढा आलाच. पर असू दे. सटवाईला सांगीन मी, आमच्या मनानं नाय उठलो, गावानं सांगितलं म्हणून उठलो. ती काय आंधळी हाय? घेईल समजून."

आणि ती खरंच भांडी आवरायला लागली. भराभर, सवयीनं. तवा भगुण्यात, भगुणं पोत्यात, पोतं घोड्यापाशी. आतून मैनानं सगळं ऐकलं असणार. ती लेकराला छातीशी धरून बाहेर आली, काठीला धरून उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा होता नव्हता तो रंग उतरला. ती मटकन खाली बसली. पुन्हा उठली. हर्षाली बघतेय म्हटल्यावर ओशाळं हसली. "चालंल मी. अंगावरून जरा वारं गेलं की होतंय बरं."

हर्षालीला आठवलं ते तिचं स्वतःचं बाळंतपण. पाचव्या दिवशी आईनं तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता.

"थांबा," ती म्हणाली. "सामान घोड्यावर चढवू नका. मी आले. येईपर्यंत हिला झोपवा."

कलाबाई शेतात वाकून झेंडूची वाळकी झाडं उपटत होती. दिवाळीला तोडा संपला होता, रान रिकामं करून कांद्याचं रोप लावायचं होतं. हर्षालीनं बांधावरूनच सांगायला सुरुवात केली. दम लागलेला, स्वराज कडेवर रडतोय, सगळं उलटसुलट.

"म्हणजे त्यांना आपल्या वावरात बसवू म्हणतीस?" कलाबाईनं कंबर सरळ केली. "आन कांद्याचं रोप माझ्या डोक्यावर लावू का?"

"आठच दिवस, आई. खत पण होईल. आणि ओढ्याच्या अलीकडंच आहे आपलं रान, तिला ओलांडावा लागणार नाही."

"पर मनाई तर सगळ्या हद्दीत केलीस तू. आपलं वावर काय हद्दीच्या बाहेर हाय का? तुझाच कायदा, आन तूच मोडायला निघाली?"

"हो."

"मग पहिल्यांदाच नीट करायचा हुता. एवढी शिकली ती."

"चुकलं, आई."

कलाबाईला भांडायचा हुरूप आला होता, त्या एका शब्दानं तिची पंचाईत झाली. तिनं हातातल्या झाडाची माती झटकली. "त्या गोजरीला मागच्या साली चांगलं ऐकवलं हुतं म्या. मापात लबाडी करती मेली. आता परत तिचं तोंड बघू?" आणि मग, झाड ढिगावर टाकून, "बाळंतीण कशी हाय?"

"उभी राहिली की खाली बसते. आणि आज पाचवी आहे म्हणे."

"आज?" कलाबाई ताडकन वळली. "आन तू मला हे शेवटी सांगती? येडी का खुळी तू? पाचवी काय नुसती हात जोडून हुती का? पाटा लागतो, वरवंटा लागतो. फिरस्तीवर कुणी पाटा घेऊन फिरतं का! खिचडी लागंल, बाळंतिणीला डिंक लागंल... जा, घरचा पाटा काढ आधी. नाय, नको, तुला उचलायचा नाय. बहिरूला सांग."

बहिरूला सांगायला हर्षाली पाटीपाशी गेली तेव्हा पोरं अजून तिथंच होती. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. "त्यांच्यात एक ओली बाळंतीण आहे. तिला मी आज उठवणार नाही. माझ्याच शेतात नेऊन बसवतेय. नियम मोडतेय, आणि तो नियम मीच केलाय. तुम्हाला ते पटलं नाही तरी मला चालेल."

धम्मपालनं पोरींकडे पाहिलं. एक पोरगी म्हणाली, "पण ताई, मग आम्हाला पण कुणी शेतात बोलावलं तर?"

हर्षाली जायला वळली होती, ती थांबली. बोलावलं तर. मेंढरंवाल्यांना दरवर्षी कुणीतरी बोलावतंच, हे तिला आत्ता नीट दिसलं. सासूनं बोलावलं, म्हणून तर भांडणाचाही हक्क आला, आणि भांडणाचा हक्क होता म्हणून निघताना गळ्यात पडून रडायचाही. तंबू घेऊन आलेल्या माणसाला ह्या गावात नावानं शिवी द्यायला कुणी नव्हतं. सोडून गेलेली काच कुणाच्या पाहुण्याची, हे कुणाला विचारायचं?

"फोन नंबर द्या तुमचा," ती धम्मपालला म्हणाली. "आज नाही जमणार. पण कळवते."

दुपारी आप्पा शेतावर आले तेव्हा बिऱ्हाड झेंडूच्या रानात उतरलं होतं. मेंढरं वाळक्या झाडांवर तुटून पडलेली. पाल आंब्याच्या सावलीला, आणि पालाच्या तोंडाशी कलाबाई आणि गोजराबाई. मागच्या सालच्या मापावरून दोघींचं पुन्हा जुंपलेलं.

"हर्षाली," आप्पांनी तिला बाजूला घेतलं. "मी उठवायला सांगितलं होतं, हलवायला नाही. उद्या सगळा तालुका हसेल. सदस्यानंच ठराव मोडला म्हणतील."

"म्हणू द्या. आप्पा, ठराव बदलायला हवा. मासिक सभेत मांडते, आणि लागली तर ग्रामसभेत."

"आणि काय म्हणायचं? मेंढरं चालतील, माणसं नको?"

"नाही. तंबू असू दे नाहीतर पाल, गावातल्या एका घरानं बोलावलं पाहिजे. ज्या घरानं बोलावलं त्या घरानं सकाळी जागा बघायची. काच निघाली तर त्या घरानं वेचायची. बोलावणारं कुणीच नसेल, तर मुक्काम नाही."

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "कोण उभं राहणार परक्यांसाठी?"

मागून पाटा खाली ठेवून धापा टाकणारा बहिरू म्हणाला, "त्या कानटोपीवाल्यासाठी म्या राहीन. चहाला विचारलं त्यानं मला दोनदा."

"तू गप रे. ठराव असा बांधावर उभं राहून बदलत नसतो, पोरी."

"माहितीये. सभेत नाकारला तर दंड माझ्या घरावर लावा. सदस्यपद सोडायला सांगितलंत तर त्याचाही विचार करीन. पण पाचवीच्या दिवशी तिला उठवायला मी जाणार नाही, आप्पा. तुम्हाला जायचं असेल तर ती आत आहे."

आप्पांनी पालाकडे पाहिलं. पालात काहीच दिसत नव्हतं, घोंगड्याच्या फटीतून बाहेर आलेलं एक पाऊल सोडून. भेगाळलेलं, सुजलेलं, हळदीचा हात लागलेलं. ते पाऊल बघून आप्पांनी मान वळवली, जसं दुसऱ्याच्या घरात चुकून डोकावल्यावर वळवतात.

"दंड लावीन मी," ते जाता जाता म्हणाले. "सोडणार नाही. आणि सभेत नीट लिहून आण, मागच्यासारखं सगळ्यांचं ऐकत बसू नको." चार पावलं गेले आणि थांबले. "खिचडी केलीय का?"

"बायकांचं असतंय ते, जा तुम्ही," कलाबाईनं बसल्या जागेवरून सांगितलं.

दिवस कलला तशी गोजराबाईनं आंब्याखाली जागा सारवली. पाटा मांडला, त्यावर वरवंटा उभा केला, हळदकुंकू वाहिलं, खिचडीचा नैवेद्य ठेवला. कलाबाईनं घरून आणलेली जुनी मऊ साडी फाडून दुपटी केली होती. एक तिनं पोरीला गुंडाळली आणि "नाक बापावर गेलंय, आजीवर नाय, बरं झालं" असं म्हणून गोजराबाईला आणखी एक टोमणा हाणला. स्वराज एका कोकराच्या मागं मागं फिरून दमला होता आणि आता हर्षालीच्या मांडीत आडवा होता.

"बाळंतिणीला बोलवा," कलाबाई म्हणाली. "तिच्या हातानं पुजायची असती."

हर्षाली पालात डोकावली. मैना कुशीवर झोपली होती. एक हात डोक्याखाली, तोंड जरासं उघडं. अगदी गाढ, आणि बारीक आवाजात ती चक्क घोरत होती. दवाखान्यात नाही, रस्त्यात नाही, काल नाही. आत्ता कुठे.

हर्षालीनं वळून दोघी म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

गोजराबाई कान देऊन ते घोरणं ऐकत राहिली. मग तिनं नातीला कलाबाईच्या ओटीतून उचललं, पाट्यासमोर धरलं, आणि सटवाईपुढं नेहमी मोठ्यानं म्हणायचं ते सगळं ती अगदी हळू आवाजात म्हणायला लागली.